श्रीमंत बालपण कुणाच्या जिवावर?



उच्चवर्गीय बालपण म्हटलं की आपल्याला खेळणी, गाडी, इंग्रजी शाळा आठवते. मला एक मुलगी आठवते. ती आमच्या घरी मला सांभाळायला होती. माझ्याहून चारच वर्षांनी मोठी. शाळेच्या फाटकापर्यंत माझं दप्तर तिच्या खांद्यावर असायचं. मी आत जायचे, ती भांडी घासायला परत. मी पडले तर बोलणी तिला. घरात मुली दोन होत्या, बालपण एकीलाच होतं.

१९८६ च्या बालकामगार कायद्यात बंदी असलेल्या कामांच्या यादीत घरकाम नव्हतं. ते आलं १० ऑक्टोबर २००६ ला. म्हणजे वीस वर्षं कायदा आपल्या स्वयंपाकघराच्या दारातच थांबला होता! आजही आई आजारी पडली की 'बदली' म्हणून मुलगी कामावर येते, कारण खाडा झाला तर पगार कापला जातो. पुण्यातल्या मोलकरणींनी १९८० मध्ये संप केला, संघटना बांधली. आईला पुरेसा पगार आणि भरपगारी रजा मिळाली, तर मुलीची शाळा टिकते. हा प्रश्न दयेचा नाही, मजुरीचा आहे.

आपलं मूल स्वतःचं ताट उचलतं का, ताई-मावशींशी कसं बोलतं, हे तर बघूच. पण त्याआधी एक विचारते. आज आपण इथे सभेला आलो आहोत. आपल्या घरी आत्ता कोण राबतंय? तिला रजा कधी असते?