पोट पडण्याआधी विचारायचा प्रश्न

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर बाईचं पोट पडलं की कारण लगेच सापडतं. हंडा उचलला, पपई खाल्ली, नाहीतर कुणाची नजर लागली. तिच्या अंगावरून वास येणारं पांढरं जात होतं का, हे मात्र घरात कुणी विचारत नाही आणि दवाखान्यातही पुष्कळदा राहून जातं.

योनिमार्गात जंतू असतातच, आणि ते असायला हवेत. लॅक्टोबॅसिलस नावाचे जंतू तिथे आम्ल तयार करतात आणि बाकीच्यांना आवर घालतात. ते कमी झाले की गार्डनरेलासारखे जंतू वाढतात, स्रावाला माशासारखा वास येतो. याला बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात. बाई अस्वच्छ राहते म्हणून हे होतं, असं कुणी समजू नये. उलट आतून साबणाने धुतल्याने ते बळावतं. हे जंतू वर चढून गर्भाच्या आवरणापर्यंत पोहोचले तर तिथे दाह होतो, आवरण कमकुवत होतं, गर्भाशयाचं तोंड अवेळी उघडतं. चौथ्या ते सहाव्या महिन्यातला गर्भपात आणि अपुऱ्या दिवसांची प्रसूती यांच्याशी या संसर्गाचा संबंध 1994 साली इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी दाखवून दिला.

पहिल्या तीन महिन्यांतल्या गर्भपातांपैकी मात्र सुमारे निम्मे गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात. तिथे ना हंड्याचा दोष, ना बाईचा. हे सासूबाईंनी ऐकावं, म्हणून मुद्दाम सांगतो.

न विचारलेली अशी दुखणी किती असतात? गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते निष्कर्ष आले. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते आणि आधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम 8 टक्के. कित्येकींची तर काही तक्रारही नव्हती. आपल्या वारली, कोकणा, कातकरी बायांनाही असं दुखणं सांगायला जागा नसते. तपासणारा पुरुष असला की त्या गप्प बसतात.

मग सगळ्या गरोदर बायांना सरसकट गोळ्या द्याव्यात का? नाही. फ्रान्समध्ये कमी जोखमीच्या गरोदर स्त्रियांमध्ये व्हजायनोसिस शोधून औषध दिलं. 2018 साली निष्कर्ष आले, उशिराचे गर्भपात काही कमी झाले नाहीत. जिला त्रास आहे तिला मात्र तपासून औषध मिळालंच पाहिजे. पांढरं जाण्यावर सरकारी दवाखान्यात मिळणारा औषधांचा हिरवा किट शेजारणीकडून मागून खाऊ नका. त्यातलं फ्लुकोनाझोल गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत टाळतात.

सिफिलिस या लैंगिक आजाराचं तसं नाही. तो रक्तातून वारेत, वारेतून गर्भात जातो, मूल पोटात दगावतं. त्याची तपासणी प्रत्येक गरोदर बाईची व्हायला हवी, बोटाच्या थेंबभर रक्तावर ती होते आणि पेनिसिलिनचं इंजेक्शन गर्भालाही वाचवतं. पण नवऱ्याने उपचार घेतला नाही तर संसर्ग परत येतो. आणि नवरा कुठे असतो? बोटीवर, वापीच्या कारखान्यात. दिवाळीनंतर तर अख्खं कुटुंब वीटभट्टीवर जातं, उपचार अर्धा राहतो.

म्हणून सभागृहात बसलेल्या बागायतदारांना आणि भट्टीमालकांना मी विनंती करतो. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते. त्या दिवशी तुमच्याकडच्या गरोदर बाईला पगारी सुट्टी द्या, आणि तिच्याबरोबर तिच्या नवऱ्यालाही.