पाळणाघर : आधी माणसे, मग भिंती

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा सारांश)





सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आपल्या न्यासाने नोकरदार मातांच्या मुलांसाठी पाळणाघर सुरू करण्याचा संकल्प केला आहे, ही अत्यंत समाधानाची गोष्ट होय. तळमजल्याचा आराखडा तयार आहे. पाळणे, खेळणी, पंखे यांसाठी दातेही पुढे आले आहेत. मला आज बोलावयाचे आहे ते आराखड्यात न दिसणाऱ्या गोष्टीविषयी, म्हणजेच त्या पाळणाघरात काम करणाऱ्या माणसांविषयी.

महाराष्ट्राला बालसंगोपनाची थोर परंपरा आहे. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ यांनी त्यांच्या जोडीने ते कार्य पुढे नेले. त्या कार्याचा आधार प्रशिक्षित सेविका हाच होता. 1969 साली दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी मोबाईल क्रेशेस ही संस्था उभी केली, तेव्हा पहिले पाळणाघर बांधकामाच्या जागेवरच भरले. पक्की वास्तू नसतानाही मुलांना सांभाळता येते; सांभाळणारे हात नसतील, तर मात्र उत्तम वास्तूही निरुपयोगी ठरते.

कायद्यानेही हे तत्त्व प्रारंभापासून मान्य केले. 1948 च्या कारखाने अधिनियमात पाळणाघराची तरतूद होती आणि ते प्रशिक्षित स्त्रियांच्या देखरेखीखाली असावे असा दंडकही होता. 2017 च्या प्रसूती लाभ सुधारणा कायद्याने 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनी हे जुने कायदे आपल्यात सामावून घेतले, तेव्हाही पाळणाघराची तरतूद कायम राहिली.

मुलांमागे माणसे किती असावीत, याविषयी केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने 2018 साली किमान मार्गदर्शक तत्त्वे दिली. तीन वर्षांखालील 10 बालकांमागे एक प्रशिक्षित सेविका, तीन ते सहा वर्षांच्या 20 बालकांमागे एक, आणि जोडीला मदतनीस, असे ते प्रमाण आहे. जेथे पाळणाघरास परवाना सक्तीचा आहे, अशा देशांत हे प्रमाण अधिक कडक आढळते. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालील 3 बालकांमागे एक व्यक्ती लागते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात तान्ह्या 4 बालकांमागे एक. यामागील कारण साधे आहे. आग लागली किंवा भूकंप झाला, तर एक स्त्री दोन कडेवर किती बाळे घेऊन बाहेर पडू शकेल? प्रमाण ठरविताना हा प्रश्न विचारावाच लागतो.

आता आपल्या संकल्पाचा हिशेब मांडू. समजा, 30 बालके आहेत. 10 तीन वर्षांखालील आणि 20 त्यांहून मोठी. किमान प्रमाणानुसार दोन सेविका हव्यात. कागदावर हिशेब येथे संपतो. परंतु पाळणाघर सकाळी 8 ते सायंकाळी 7, म्हणजे 11 तास उघडे राहणार. दोन सेविका सतत हजर हव्यात, तर रोजचे 22 तास भरावे लागतील. जेवणाची सुट्टी वजा जाता एक सेविका 7 तास काम करते. तिघींचे मिळून 21 तास होतात. एक तास उघडा पडतो. आणि तो बहुधा संध्याकाळचा, मुले कंटाळलेली आणि सेविका थकलेली असतानाचा. रजा आणि आजारपण धरले, तर चौथी सेविका अपरिहार्य ठरते. शिवाय मदतनीस आणि पर्यवेक्षिका वेगळ्याच. दुसरा नियम असा, की मुले असेपर्यंत इमारतीत कोणतीही सेविका एकटी असू नये. 2016 साली नवी मुंबईतील खारघर येथे एका पाळणाघरात तान्ह्या मुलीला झालेली मारहाण कॅमेऱ्यामुळे उघडकीस आली. कॅमेरा घडलेले दाखवितो. सोबत असलेली दुसरी व्यक्ती ते घडताना थांबवू शकते.

पात्रतेविषयीही स्पष्टता हवी. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत सेविकेसाठी बारावी आणि मदतनीसासाठी दहावी उत्तीर्ण अशी अट होती. आपणही त्याहून खाली येऊ नये. प्रथमोपचाराचे प्रशिक्षण, आरोग्यतपासणी आणि पोलीस पडताळणी नेमणुकीपूर्वीच व्हावी, मग उमेदवार कितीही परिचयातील असो. ओळख ही पात्रता नव्हे.

येथे एक अप्रिय गोष्ट नम्रपणे सांगतो. आपल्या समाजात खोलीसाठी देणगी सहज मिळते, कारण खोलीवर नामफलक लागतो. वेतनावर फलक लागत नाही. परिणामी सेविकेचे मानधन तुटपुंजे राहते, चांगली बाई वर्षभरात सोडून जाते आणि ज्या बाळाला तिच्या कुशीची सवय लागली, त्याला पुन्हा नव्या चेहऱ्याशी जुळवून घ्यावे लागते. पांजरपोळ चालविणाऱ्या समाजाला हे अधिक सांगावयास नको. गव्हाणीत चारा असला तरी निगा राखणारा लागतोच.

म्हणून माझी विश्वस्तांना विनंती आहे, की बांधकामाआधी स्वतंत्र वेतननिधी उभारावा. मुद्दल कायम राहील आणि व्याजातून निदान दोन सेविकांचे वेतन निघेल, इतकी त्याची मर्यादा असावी. तोपर्यंत 30 ऐवजी 10 बालकांनीच प्रारंभ करावा. प्रवेश नाकारण्याचे धैर्य ज्या संस्थेत नसते, तेथे प्रमाण टिकत नाही. आजी-आजोबांनी गोष्टी सांगावयास, गाणी म्हणावयास अवश्य यावे. परंतु स्वयंसेवकांची गणना नेमलेल्या सेविकांमध्ये करू नये.

जी माता सकाळी आपले मूल आपल्या दारात सोडून कामावर जाईल, ती रंगविलेल्या भिंती पाहून निश्चिंत होणार नाही. आत कोण आहे, किती जणी आहेत आणि त्या उद्याही असतील का, हे ती पाहील. या प्रश्नांना आपला न्यास समाधानकारक उत्तर देवो, अशी शुभेच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.