औषध आहे, वेळ गाठा



मुंबईत परळ नावाचा भाग आहे. तुम्ही त्याचे नाव ऐकले असेल. कोकणातली आणि घाटावरची पुष्कळ माणसे गिरणीकामासाठी परळ-लालबागला गेली. तिथल्या चाळींत राहिली. पुढे गिरण्या बंद पडल्या. पण परळचे नाव गावोगाव टिकून आहे, ते तिथल्या दवाखान्यांमुळे. १९२६ साली परळला केईएम रुग्णालय सुरू झाले. आजही गावात कोणी फार आजारी पडले, की लोक म्हणतात, "न्या केईएमला!"

याच परळात हाफकिन संस्था आहे. आज तिची गोष्ट सांगतो. ऐकून घ्या, कारण ती आपल्या जिवाची गोष्ट आहे.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. घरोघर माणसे मरू लागली. लोक शहर सोडून पळाले. तेव्हा हाफकिन नावाचे शास्त्रज्ञ मुंबईत आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी प्लेगची लस तयार केली. पण सुई टोचून घ्यायला लोक घाबरणारच. म्हणून १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी पहिल्यांदा स्वतःलाच लस टोचून घेतली. १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळला, गव्हर्नरच्या जुन्या बंगल्यात आली. १९२५ साली तिला हाफकिन यांचे नाव मिळाले.

पुढे या संस्थेत सापाच्या विषावरचे औषधही तयार होऊ लागले. ते कसे करतात? सापाचे विष काढतात. ते अगदी थोडे थोडे घोड्याला टोचतात. घोडा मरत नाही. उलट त्याच्या रक्तात विषाला मारणारा गुण तयार होतो. त्या रक्तातून औषध काढतात आणि लहान बाटलीत भरतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर हे एकच औषध चालते. आता ते देशात आणखी ठिकाणीही तयार होते.

तुम्ही म्हणाल, "औषध आहे, मग माणसं मरतात कशी?"

प्रश्न बरोबर आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सापाच्या दंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सुमारे अठ्ठावन्न हजार. यांतली बहुतेक खेड्यांतली. शेतात राबणारी, जमिनीवर झोपणारी. औषध बाटलीत होते. माणूस घरी होता. दोघांची गाठ वेळेवर पडली नाही.

वेळ कुठे जातो ते पाहा. आधी मांत्रिक येतो. मंत्राने विष उतरत नाही. पण कधी कधी चावलेला साप बिनविषारी असतो. कधी विषारी सापही विष सोडत नाही. तो माणूस आपोआप बरा होतो, आणि नाव मांत्रिकाचे होते. पुढच्या वेळी खरेच विष भिनलेले असते, तेव्हा दोन तास उतारा करण्यात जातात.

दुसरी चूक अशी, की लोक जवळचा सरकारी दवाखाना सोडून थेट मोठ्या शहराची वाट धरतात. "इथं काय होणार? मुंबईलाच नेऊ," म्हणतात. रोगी वाटेतच जातो. अहो, परळला जे औषध तयार होऊ लागले, तेच औषध आता तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात मिळते. पुष्कळ प्राथमिक आरोग्य केंद्रांतही ते असते. पहिली सुई जवळच्या ठिकाणी घ्या. पुढे कुठे न्यायचे ते डॉक्टर सांगतील.

मण्यारीपासून विशेष जपा. ती रात्री झोपेत चावते. फारसे दुखत नाही. खूणही दिसत नाही. माणूस पहाटे उठून म्हणतो, "पोटात दुखतंय." मग पापण्या जड होतात, बोलणे अडखळते. विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडतात. पण तेव्हाही आशा सोडू नका. रुग्णालयात यंत्राने श्वास देतात. विष उतरेपर्यंत यंत्र श्वास चालवते, आणि माणूस उठून बसतो.

तर साप चावला की काय करावे?

रोग्याला धीर द्या. त्याला चालवू नका. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका. अंगठी, बांगडी, जोडवे काढा, कारण सूज येते. दोरीने घट्ट आवळू नका. ब्लेडने कापू नका. तोंडाने विष ओढू नका. सापाच्या मागे धावू नका. लगेच १०८ ला फोन करा. गाडीला उशीर असेल तर मिळेल त्या वाहनाने निघा. मोटारसायकल असेल तर रोग्याला दोघांच्या मधे बसवा. रात्री मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून झोपा. अंधारात बॅटरीवाचून पाऊल टाकू नका.

जे सापाचे, तेच रस्त्याच्या अपघाताचे. तिथेही पहिला तास मोलाचा. मार लागला की रक्त जाते, श्वास कोंडतो. डॉक्टर आहेत, यंत्रे आहेत. पण माणूस रस्त्यावर पडलेला आणि भोवती लोक नुसते उभे. का? तर, "पोलिसांचं लचांड नको."

ही भीती आता टाका. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात नवे कलम आले. अपघातात सापडलेल्याला चांगल्या मनाने मदत करणाऱ्यावर खटला भरता येत नाही. आपले नाव सांगायचे की नाही, ही त्याची मर्जी. म्हणून पुढे व्हा. १०८ फिरवा. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. तिला पैसे पडत नाहीत. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापड दाबून धरा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका. मान वाकडी होऊ देऊ नका.

आणि मोटारसायकलवर हेल्मेट घाला. मागे बसणाऱ्यानेही घालावे. त्याच्या आतला जाड थर स्वतः चेपतो आणि डोक्याचा मार झेलतो. पण हनुवटीखालचा पट्टा बांधला तरच. पट्टा मोकळा असेल तर हेल्मेट आधी उडते, मग डोके आपटते. हँडलला अडकवलेले हेल्मेट तर हँडललाच राखते!

मंडळी, तुम्ही आता लिहायला शिकला आहात. आज एक काम करा. आरोग्य केंद्रात जा. विचारा, "सापाच्या विषावरचं औषध इथं आहे का? नसेल तर सर्वांत जवळ कुठं मिळेल? रात्री कोण असतं?" जे उत्तर मिळेल ते घरी येऊन दाराजवळ भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा. दवाखान्याचे नाव लिहा. गावात ज्याच्याकडे गाडी आहे त्याचा नंबर लिहा. सर्वांत वर लिहा, १०८.

शेजाऱ्याला अजून वाचता येत नसेल, तर त्याच्याही भिंतीवर लिहून द्या. आणि त्याला वाचून दाखवा.