मुलांच्या हाडांतील सिस्ट : पहिल्या क्ष-किरणचित्राचे वाचन
(वार्षिक सभेत क्ष-किरण विभागातर्फे केलेले भाषण)



चेंडू फेकताना दंडाचे हाड मोडलेला नऊ वर्षांचा एक मुलगा आमच्या विभागात आला. त्याच्या आईच्या हातात बाहेरून काढलेले क्ष-किरणचित्र होते आणि तोंडी एकच प्रश्न : “डॉक्टर, कॅन्सर तर नाही ना?” ‘हाडात गाठ दिसते’ एवढेच सांगून कोणीतरी तिला पुढे पाठविले होते. दोन रात्री त्या माउलीचा डोळा लागला नव्हता. ‘गाठ’ हा शब्द आपण डॉक्टर मंडळी फार सहज वापरतो.

वास्तविक उत्तर त्याच चित्रात होते. हाडाच्या वरच्या टोकाशी, वाढीच्या कूर्चेलगत, अगदी मध्यभागी रेखीव कडांची एक पोकळी होती. भोवतीचे कवच पातळ झालेले. आणि त्या कवचाचा एक लहानसा तुकडा पोकळीच्या तळाशी जाऊन बसला होता. घन गाठीत तुकडा असा खाली पडत नाही; तो पडला, याचा अर्थ आत द्रव आहे. ही साधी हाडातील सिस्ट. फिरखॉव यांनी १८७६ मध्ये तिचे वर्णन केले. ती बहुधा दंडाच्या वा मांडीच्या हाडाच्या वरच्या भागात आढळते, मुलींपेक्षा मुलांत अधिक, आणि हाड मोडेपर्यंत बहुतेकदा दुखतही नाही. तुकड्याची खूण मात्र थोड्याच रुग्णांत दिसते. ती नसली म्हणून निदान चुकले असे नव्हे.

दुसरा प्रकार अधिक फसवा. जॅफे आणि लिश्टेनश्टाइन यांनी १९४२ मध्ये वेगळी ओळख दिलेली, रक्ताने भरलेल्या कप्प्यांची ही सिस्ट बहुधा हाडाच्या एका बाजूस फुगते, वेगाने वाढते व दुखते. एमआरआयमध्ये कप्प्यांतील द्रवाच्या आडव्या पातळ्या दिसतात. परंतु त्या पाहून निश्चिंत होणे धोक्याचे आहे, कारण हाडाच्या कर्करोगाचा एक प्रकार अशाच पातळ्या दाखवितो. येथे बायोप्सीवाचून निर्णय देऊ नये. तसेच कडा अस्पष्ट असतील, कवच भेदून भोवतीच्या मांसल भागात गोळा आला असेल, हाडावरील आवरणाचे थरावर थर चढले असतील किंवा मूल रात्री वेदनेने जागे होत असेल, तर ‘काही नाही’ असे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही.

म्हणून आमचा आग्रह साधा आहे : समोरून व बाजूने अशी दोन चित्रे, शक्यतो दोन्ही सांध्यांसह पूर्ण हाड, आणि जुनी चित्रे असल्यास तीही. चित्र निःसंदिग्ध असेल तेथे एमआरआयचा खर्च पालकांवर लादू नये. लहान मुलास त्यासाठी अनेकदा गुंगीचे औषधही द्यावे लागते. मांडीच्या हाडाच्या मानेजवळ सिस्ट असेल तर मात्र अस्थिशल्यचिकित्सकास त्याच दिवशी कळवावे. तेथील अस्थिभंग सहज भरून येणारा नसतो.

त्या मुलाचा हात झोळीत ठेवला आणि हाड सांधले. सिस्ट लहान झाली आहे, नाहीशी झालेली नाही. अस्थिभंगानंतर ती पूर्ण भरून येणे विरळाच. पुढील चित्र वार्षिक परीक्षेनंतर काढावयाचे आहे. त्याची आई आता सारी चित्रे तारीखवार लावून कापडी पिशवीत घेऊन येते.