गोळी सुटल्यानंतरचे महिने

मोर्शीकडच्या संत्राबागेत बहार धरायला झाडांना ताण देतात. पाणी तोडलं त्याच दिवशी झाड मलूल होत नाही, त्याला दिवस लागतात. स्किझोफ्रेनियाच्या गोळ्यांचंही असंच आहे, आणि सगळा घोळ इथेच होतो. गोळी सुटते पेरणीच्या धांदलीत, आजार उलटतो दिवाळीच्या सुमारास. मग दोष जातो जागरणावर, भांडणावर, नाहीतर बाहेरच्या बाधेवर. म्हणून या औषधांचा गुण एका घराच्या अनुभवावरून कळत नाही, शेकड्यानं मोजावा लागतो. ‘लॅन्सेट’ नियतकालिकात २०१२ साली ६५ चाचण्यांचा एकत्र हिशेब आला. आजार आटोक्यात आल्यावर औषध चालू ठेवलेल्यांपैकी साधारण वर्षभरात शंभरात २७ जणांचा आजार उलटला, नुसती दिखाऊ गोळी मिळालेल्यांपैकी ६४ जणांचा. उरले ३६. पारावर बसून ‘सोडलं औषध, काही झालं नाही’ म्हणणारे हेच. ते खोटं बोलत नाहीत. पण आपला माणूस ३६ मधला की ६४ मधला, हे आधी सांगणारी तपासणी अजून कुठल्याही दवाखान्यात नाही.

यावर आक्षेप येतो तो गुंगीचा, वाढत्या वजनाचा, हातापायांच्या ताठरपणाचा. तो खराच आहे आणि डॉक्टरांनी तो हसण्यावारी नेऊ नये. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात पहिल्या झटक्यातून सावरलेल्यांचा डोस देखरेखीखाली कमी करून पाहिला. सुरुवातीला त्यांच्यात आजार जास्त उलटला, पण सात वर्षांनी पूर्ण सावरलेले त्यांच्यात शेकडा ४०, तर औषध तसंच चालू असलेल्यांत शेकडा १८ निघाले. रुग्ण मात्र जेमतेम १०३. यावरून डोस हळूहळू उतरवण्याबद्दल डॉक्टरांशी बोलता येतं. पाकीट उकिरड्यावर फेकायला हा आधार पुरत नाही.

दुसरी तक्रार अशी, की कानातले आवाज थांबले तरी माणूस गप्पच बसतो, आंघोळीलाही उठत नाही. घरचे म्हणतात, गोळीनं आळशी केला. कधी डोस जास्त असतोही. पण पुष्कळदा तो आजाराचाच भाग असतो, आणि तिथे गोळीचा जोर कमी पडतो. सातारा, गोवा आणि तमिळनाडूत २८२ रुग्णांवर झालेल्या चाचणीत काहींकडे औषधोपचाराच्या जोडीला गावपातळीवरचे प्रशिक्षित कार्यकर्ते घरी जात. वर्षभरानं लक्षणं आणि रोजच्या जगण्यातली अडचण त्यांच्यात थोडी अधिक कमी झालेली दिसली. फरक माफक होता. आणि घरी जाणारे ते लोक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते.