दंड सारखा, दृष्टी निराळी
(विहारातील सभेत दिलेले भाषण)



आज एका इंग्रज न्यायाधीशाचे चरित्र मी आपणांपुढे ठेवीत आहे. त्यांचे नाव सर बार्न्स पीकॉक. इंग्लंडात वकिली गाजवून १८५२ साली ते गव्हर्नर-जनरलच्या कौन्सिलाचे कायदेविषयक सभासद म्हणून कलकत्त्यास आले. मेकॉले यांच्या कमिशनने १८३७ साली तयार केलेला फौजदारी कायद्याचा मसुदा त्या वेळी दप्तरात धूळ खात पडला होता. त्याची दुरुस्ती करून तो तडीस नेण्यात पीकॉक यांचा मोठा वाटा होता. ६ ऑक्टोबर १८६० रोजी तो मंजूर झाला व १ जानेवारी १८६२ पासून अंमलात आला. हाच तो भारतीय दंडविधान. २०२४ सालापर्यंत तो चालू होता.

त्याचे मोल आपणांवाचून कोण जाणणार? मनुस्मृतीत इतरांस जेथे देहान्त शिक्षा, तेथे ब्राह्मणास केवळ मुंडन. तो ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडास बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली जाळला गेला. दंडविधानाने मात्र अपराध्याची जात विचारली नाही.

आता दुसरी बाजू ऐका. पीकॉक १८५९ साली कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टाचे मुख्य न्यायाधीश झाले व १८६२ साली नव्या हायकोर्टाचे पहिले मुख्य न्यायाधीश. त्याच साली हिल्स या निळीच्या मळेवाल्याचा ईश्वर घोष या कुळाविरुद्धचा खंडवाढीचा दावा त्यांच्यापुढे आला. त्यांनी निकाल मळेवाल्याच्या बाजूने दिला. १८६५ साली तोच प्रश्न पंधरा न्यायाधीशांपुढे गेला. चौदांनी कुळाचा वहिवाटीचा हक्क मानला. पीकॉक एकटे विरुद्ध राहिले. पुढे १८७० साली ते स्वदेशी परतले, १८७२ पासून प्रिव्ही कौन्सिलात न्यायदान करू लागले आणि १८९० साली वारले.

बंधूंनो, समान दंडाचा कायदा तडीस नेणाऱ्या या माणसास गरीब कुळाचा हक्क दिसला नाही. तो माणूस दुष्ट होता, असे मी म्हणत नाही. पण कुळाच्या झोपडीतून जमीन कशी दिसते, हे त्यांस ठाऊक नव्हते. कायद्याची अक्षरे चांगली असली तरी त्यांचा अर्थ लावणारा कोठून आला, यावर पुष्कळ अवलंबून असते.

आज संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आहे. ते कलम आपल्या मुला-मुलींस मुखोद्गत आहे काय? प्रत्येक विहारात रविवारी वंदनेनंतर एक कलम वाचावे, त्याचा अर्थ सांगावा. पोट बांधून का होईना, वस्तीतील एका तरी मुलीस वा मुलास कायद्याच्या शिक्षणास पाठवावे. न्यायाच्या आसनावर आपली दृष्टी पोहोचविण्याचा हाच मार्ग आहे.

जय भीम!