घराची वाढ : पाया आणि लोखंड यांचा जमाखर्च

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



विवाह, शिक्षण व वसतिगृह या नेहमीच्या विषयांच्या जोडीला मंडळाने यंदा घरबांधणीलाही स्थान दिले, हे मला फार उचित वाटते. आपल्यातील बहुसंख्य कुटुंबे नवे घर बांधीत नाहीत, असलेलेच वाढवितात. मुलाचे लग्न ठरते, भावाभावांच्या चुली वेगळ्या होतात, किंवा वृद्ध आईवडील खेड्यातून तालुक्याच्या गावी राहावयास येतात, आणि मागल्या अंगणात दोन खोल्या उठवाव्या लागतात. त्यात कापूस-सोयाबीनचा दोन-तीन वर्षांचा पैसा जातो. कधी गृहिणीच्या अंगावरचे सोनेही जाते. तो पैसा कोठे मुरतो हे घरातील सर्वांना, विशेषतः भगिनींना, ठाऊक असणे अगत्याचे आहे.

आपला जिल्हा काळ्या पाषाणावर वसलेला आहे. लोणारचे विवर त्याच पाषाणात उल्कापाताने झाले, आणि आपली काळी कपाशीची मातीही त्याच्याच झिजेतून झाली. पण ही माती सर्वत्र सारखी नाही. घाटावर, म्हणजे बुलढाणा, चिखली, मेहकर या बाजूस, पुष्कळ ठिकाणी थोडे खणताच मुरूम लागतो. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद या पूर्णेच्या खोऱ्यात मात्र काळी माती खोलवर जाते. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते व वैशाखात आक्रसून भेगाळते. पिकाला ती माउली. भिंतीला मात्र तिचा भरवसा नाही. तिच्यावर उथळ पाया घातला की घर दरसाल थोडे वर उचलले जाते, थोडे खाली बसते, आणि जुन्या व नव्या बांधकामाच्या सांध्यावर तिरकी चीर उमटते.

म्हणून घाटावरच्या सोयऱ्याने अमुक चौरस फुटाला अमुक दर दिला, तोच आपण द्यावा, हा हिशेब मुळातच चुकीचा आहे. एकाच नकाशाची घाटावर व घाटाखाली दोन अंदाजपत्रके होतात. फरक सारा जमिनीखालचा असतो. प्रथम सहा-सात फूट खोल असे दोन चाचणी-खड्डे घ्यावेत, मुरूम कोठे लागतो ते अभियंत्याला दाखवावे, आणि मगच आकड्यांना हात घालावा. मजुरांची दोन दिवसांची मजुरी एवढाच त्याला खर्च.

मुरूम लागलाच नाही तर? रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा मातीसाठी तळाशी फुगीर कंद असलेले काँक्रीटचे भूस्तंभ पुढे आणले. खोल काळ्या मातीत त्यांची लांबी निदान साडेतीन मीटर असावी असे भारतीय मानक सांगते. कारण ऋतुमानाने हलणारा थर साधारण तेवढा असतो. हे काम महाग आहे खरे. पण दोन खोल्यांऐवजी एकच बांधावी लागली तरी मी हाच सल्ला देईन.

आता लोखंड. सळईचे वजन काढण्याची रीत सोपी आहे. सळईची जाडी मिलिमीटरमध्ये घ्यावी, तिचा वर्ग करावा आणि 162 ने भागावे. एका मीटरचे वजन किलोत येते. 12 मिलिमीटरची सळई मीटरला सुमारे 0.89 किलो भरते.

उदाहरणार्थ 12 फूट बाय 20 फुटांची खोली, तिला सहा खांब, प्रत्येक खांबात 12 मिलिमीटरच्या सहा सळया, आणि पायाच्या तळापासून छतापर्यंत सांधे-वळणांसह प्रत्येक सळई साडेसहा मीटर, असे धरू. (खरी संख्या अभियंत्याने ठरवावयाची.) एकूण 234 मीटर, वजन सुमारे 208 किलो. आता कोणी म्हणाला, पाया एक मीटर वर घ्या, खर्च वाचेल. काय वाचेल? 36 मीटर सळई, म्हणजे 32 किलो. काही रिंगा, अर्ध्या घनमीटराहून कमी काँक्रीट, आणि खणाई. दर्शनी भिंतीच्या नक्षीदार फरशीला आपण याहून अधिक सहज देतो! आणि ती फरशी पसंत करावयास सारे घर दुकानी जाते. पायात काँक्रीट पडताना कोणी हजर नसते.

वजनाचा हा तक्ता हाती असला म्हणजे ठेकेदाराशी बोलणे सोपे होते. त्यात तुकड्यांची नासाडी शेकडा तीन ते पाच धरावी, बांधणीची तार धरावी, अठरा टक्के वस्तू व सेवा कर धरावा, आणि माल उतरवून घेताना वजनकाट्याची पावती मागावी.

जुनी भिंत फोडून दोन खोल्या एक करावयाच्या असल्यास गर्डर लागतो. 150 मिलिमीटर उंचीचा गर्डर मीटरला सुमारे 15 किलो, 200 चा सुमारे 25 किलो. वजन पावणेदोनपटीच्या आत, वाकण्याविरुद्धचे बळ मात्र दुपटीहून अधिक. येथे कंजुषी करणे व्यवहारालाही धरून नाही. गर्डरच्या टोकांखाली काँक्रीटचे उसे हवे. नुसत्या विटांवर तो टेकवू नये.

जुन्या दगडमातीच्या भिंतीवर नवे छत मात्र कदापि टेकवू नये. 30 सप्टेंबर 1993 रोजी किल्लारीच्या भूकंपात अशाच भिंती व त्यांवरील जड धाबी माणसांवर कोसळली. नवे बांधकाम स्वतःच्या खांबांवर उभे राहावे, व जुन्या-नव्यात इंचभर फट राखून ती लवचीक मसाल्याने बुजवावी. जुन्या भिंतीलगतचा चर एकदम सलग खणू नये. तीन-तीन फुटांचे तुकडे घेऊन खणावा व भरावा, नाहीतर नव्या पायापायी जुने घर अधांतरी होईल.

खारपाणपट्ट्यातील बांधवांना आणखी एक सांगणे आहे. तेथील विहिरीचे वा बोअरचे खारे पाणी काँक्रीटमध्ये गेले की आतली सळई गंजते, फुगते व वरचे काँक्रीट फोडते. सळईयुक्त काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइडचे प्रमाण लिटरला 500 मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे. पाणी तपासून घ्यावे, आणि खारे निघाल्यास गोड्या पाण्याच्या टँकरचा खर्च प्रथमपासूनच अंदाजपत्रकात लिहावा. हे कलम मी फारच थोड्या कागदांवर पाहिले आहे.

पायाचे काम दिवाळीनंतर काढून वळवाच्या आत जोत्यापर्यंत आणावे. उघडा चर पावसात सापडू देऊ नये. ज्यांनी आपले नकाशे वा ठेकेदारांचे कागद बरोबर आणले असतील, त्यांनी भोजनोत्तर मंडपाच्या उजव्या अंगास यावे; आपण एकेकाच्या लोखंडाचे वजन मांडून पाहू.